गाडीचा दबलेला पत्रा बदलायचा की सरळ करून घ्यायचा? तुमचा खर्च आणि अनुभव सांगा

पुणे
मंडळी, मागच्या मंगळवारी सिंहगड रस्त्यावर सिग्नलला उभा असताना एक टेम्पो डावीकडून घासत गेला. मागचं दार दबलं आणि त्याच्यामागचा चाकावरचा पत्रा, म्हणजे क्वार्टर पॅनल, चेपला. गाडी सहा वर्षांची. सर्व्हिस सेंटरने दोन्ही बदलण्याचं ४६,००० चं एस्टिमेट दिलं. घराजवळचे मिस्त्री म्हणतात, १७,००० मध्ये पत्रा सरळ करून रंगवून देतो. दोन आकड्यांत एवढं अंतर का, हे मला नीट समजून घ्यायचंय. पै-पै जमवून घेतलेली आमची पहिली गाडी आहे, वरवरचं काम नकोय. तुमचा कुठला पॅनल गेला, बिल किती झालं, विमा वापरलात का, आणि दोन पावसाळ्यांनंतर रंग कसा राहिला, ते लिहा.

नाशिक
विम्याचं मी सांगतो, कारण तिथेच माझे पैसे गेले. साडेचार वर्षांची हॅचबॅक, झिरो डेप, म्हणजे घसारा (जुनेपणाची वजावट) न कापणारं विमा कवच, नाही. पुढचा बंपर ५,०००, फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) ४,०००, रंग ८,०००, मजुरी २,०००, एकूण १९,०००. मला वाटलं, कंपनी भरेल. पण बंपर प्लास्टिकचा, त्यावर घसारा सरळ ५० टक्के, म्हणजे २,५०० माझे. पत्र्याच्या भागांवर घसारा गाडीच्या वयाप्रमाणे, चार ते पाच वर्षांना ३५ टक्के, म्हणून फेंडरचे १,४००. रंगाच्या बिलातला पाव हिस्सा सामानाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात, ते १,०००. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० आपल्याच खिशातून. असे ५,९०० मी दिले, १३,१०० कंपनीने.

इथवर बरं वाटलं होतं. पण पुढच्या नूतनीकरणाला माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न टाकल्याबद्दलची हप्त्यातली सूट, ५० टक्क्यांवर जाणार होता, तो शून्यावर आला. आता पुन्हा २०, २५, ३५, ४५ असा चढत जायचा. म्हणजे पहिल्या वर्षी ५० टक्क्यांची सूट गेली, मग ५० आणि नव्या बोनसमधला फरक म्हणून ३०, २५, १५ आणि ५ टक्क्यांची. बेरीज १२५ टक्के. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा माझा हप्ता सूट धरण्याआधी ९,००० आहे. गाडी जुनी होते तसा तो थोडा उतरेल, पण तेवढाच धरला तर ११,२५० रुपये झाले. ५,९०० मिळवा, १७,१५०. त्याच कामाचे बाहेरच्या गॅरेजने ११,००० सांगितले होते. क्लेम टाकण्याआधी हा हिशोब मला कुणी मांडून दाखवला असता तर फार बरं झालं असतं. तुमची गाडी सहा वर्षांची, म्हणजे पत्र्यावर ४० टक्के घसारा. आधी कागद-पेन घ्या.

नागपूर
वडिलांचं डेंटिंगचं गॅरेज होतं, त्यांच्या हाताखाली वाढलो म्हणून कळकळीने सांगतो. दार आणि क्वार्टर पॅनल एका मापाने मोजू नका. फेंडर, बोनेट, दार, डिकी बोल्टवर असतात. खोलले, नवे लावले, रंगवले. क्वार्टर पॅनल बॉडीला वेल्ड केलेला असतो. बदलायचा तर काच आणि आतलं सगळं ट्रिम (अस्तर) काढून, ग्राइंडरने जुना पत्रा कापून, नवा स्पॉट वेल्ड करावा लागतो. खर्च तिथे वाढतो. पत्रा फाटला नसेल, आतली चौकट सरकली नसेल, तर तो ओढून सरळ केलेला बरा. बाहेरून छोटे वॉशर वेल्ड करून हळूहळू ओढतात, मग पातळ लांबी (खड्डे भरायची पुटी), प्रायमर, रंग, क्लिअर कोट. वडील गिऱ्हाइकाला आधी चाकाची कमान आणि दाराची फट दाखवायचे. फट वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर कापायला ते साफ नकार देत.

काम झाल्यावर फ्रिजचं चुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. लांबी जाड भरली असेल तिथे ते धरत नाही.

सावंतवाडी
नागपूरकरांशी शंभर टक्के सहमत. माझा क्वार्टर पॅनल कापून बदलला, २८,००० गेले. वेल्डच्या जोडावर आतून सीलर आणि गंजरोधक मेण मारायला हवं होतं, ते मारलंच नव्हतं. बाहेरून काम आरशासारखं. दुसऱ्या पावसाळ्यात चाकाच्या कमानीशी रंगाला फोड आले, नखाने टोकरलं तर खाली गंज. आमच्याकडे हवाच दमट, जोड उघडा राहिला की पत्रा आतून सडतो. आता मी ट्रिम बसवण्याआधी स्वतः जाऊन आतून बघतो, फोटो काढतो. आणि भर पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये रंग नकोच. बूथ, म्हणजे रंगाची बंद खोली, असेल तिथेच द्या.

डोंबिवली
माझं दार कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलं. जुनं, पण ओरिजिनल आणि माझ्याच रंगाचं, काचेसकट ६,५००. लॉक जुन्या दाराचं काढून बसवलं, त्यामुळे चावी तीच राहिली. घेताना दाराची खालची दुमडलेली कड बोटाने चाचपा, गंज तिथूनच सुरू होतो. पावती मागा, पावती नसेल तर माल सोडून द्या. रंग मात्र जुळला नाही. ते दार दुसऱ्या गाडीवर उन्हात वेगळं उतरलेलं. शेवटी ४,००० देऊन रंगवलंच, आणि रंगाची छटा शेजारच्या पॅनलवर थोडी पसरवून घेतली. मेटॅलिक रंग असेल तर ते कराच, नाहीतर उन्हात पट्टा दिसतो.

ठाणे
इमारतीच्या खांबाला मागचा बंपर लागला. बिलात नवा बंपर, गाडीला जुनाच, चिरेवर प्लास्टिक वेल्ड मारलेला. आतल्या बाजूचं जुनं खरचटणं मी ओळखलं. हुज्जत घातल्यावर बदलून दिला. खिशातून पैसे देणार असाल तर काढलेला भाग परत मागा, आणि ते आधीच एस्टिमेटवर लिहून घ्या.

न्यू जर्सी
इकडे तासांवर मजुरी, त्यामुळे पत्रा ओढत बसण्यापेक्षा बदलण्याकडेच कल. माझ्या फेंडरचं बिल १,९०० डॉलर, त्यातले पहिले ५०० डिडक्टिबल म्हणून माझे. साताऱ्याच्या मिस्त्रीकाकांची फार आठवण झाली. त्यांनी ते फेंडर तासाभरात सरळ केलं असतं.

पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. काल चाकाची कमान आणि दाराची फट नीट पाहिली. फट सारखी आहे, पत्रा कुठे फाटलेला नाही. म्हणून क्वार्टर पॅनल कापायचा नाही, ओढून सरळ करायचा. दाराची खालची कड मात्र पार दुमडली आहे, ते नवंच घेतोय. मिस्त्रींनी दारासकट २३,५०० सांगितले, रंग बूथमध्ये. क्लेम टाकत नाही, बोनस राहू दे. शनिवारी गाडी सोडतोय. आतली ट्रिम काढतील तेव्हा मी तिथेच असेन, फोटो टाकतो. नागपूरकर, तेवढे बघून सांगाल का?