रेशमासाठी किडा मारावाच लागतो का?

गोधडी:
परवा कुणीतरी म्हणालं की रेशीम काढताना आतल्या किड्यासकट कोष उकळतात. खरंय का हे? मला आपलं वाटायचं की किडा उडून गेल्यावर मागे राहिलेल्या कोषाचा धागा काढत असतील. मग मारायची गरज काय? आणि अहिंसा सिल्क म्हणून विकतात ते खरंच तसं असतं का? जाणकारांनी जरा नीट सांगा.

तुतीवाला:
खरंय, पण आधी कोष कसा होतो ते बघ म्हणजे कारण आपोआप कळेल. अंड्यातून निघालेली अळी जेमतेम ३ मिलिमीटरची, काळपट. साधारण २५ दिवस ती तुतीचा पाला खात सुटते, मधे ४ वेळा कात टाकते, तेवढ्यात वजन जवळपास १० हजार पट होतं. शेवटचा आठवडा तर विचारूच नको, खोलीभर नुसता पाला कुरतडल्याचा आवाज. मग अचानक खाणं बंद, अंग पिवळसर आरपार दिसायला लागतं, डोकं वर करून जागा शोधते, की तिला चंद्रिकेवर सोडायचं (बांबूच्या पट्ट्या गोल गोल लावलेली चटई). तिथे तोंडाखालच्या छिद्रातून रस सोडत, डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत ती २-३ दिवसांत स्वतःला गुंडाळून घेते, रस बाहेर येता येता घट्ट होतो. आणि मेन म्हणजे हा अख्खा एकच सलग धागा असतो, चांगल्या कोषात ९०० मीटर, कधी जास्तच.

कोषात अळीचा आधी प्युपा (सुप्तावस्थेतला किडा) आणि मग पतंग होतो. हा पतंग बाहेर पडताना तोंडातून द्रव सोडून कोषाला भोक पाडतो. झालं, सलग धाग्याचे तुकडे! म्हणून त्याआधीच बहुतेक ठिकाणी वाफ नाहीतर गरम हवा देऊन आतला प्युपा मारतात. उकळणं त्यानंतरचं, धाग्यावरचा सेरिसिन नावाचा डिंक सैल व्हावा म्हणून.

गोधडी:
बापरे. पण एवढ्या बारीक धाग्याचं कापड कसं विणतात?

रीळवाली:
एकेकटा नाही वापरत. गरम पाण्यातल्या कोषांवर ब्रश फिरवून टोकं पकडायची आणि ८-१० कोषांचे धागे एकत्र रिळावर घ्यायचे, वाळताना तोच डिंक त्यांना चिकटवतो. किलोभर कच्च्या रेशमाला साडेपाच हजारांच्या आसपास कोष जातात. हे कच्चं रेशीम हाताला राठ लागतं, साबणाच्या पाण्यात उकळून डिंक काढला की वजन पावभागाने घटतं पण खरी चमक तेव्हा येते.

सुरवंट:
अहिंसाबद्दल. भोक पडलेले कोष वाया जात नाहीत, पिंजून सूत काततात, जाडसर होतं आणि चमक कमी. पण तुतीचा पतंग इतक्या पिढ्या पाळीव आहे की त्याला उडता येत नाही, काही खातही नाही, थोड्या दिवसांत मरतोच, आणि मादी ४००-५०० अंडी घालून जाते. सगळेच पतंग बाहेर येऊ दिले तर पुढच्या अळ्यांना पाला कुठून आणणार? त्या अंड्यांचं काय केलं हे लेबलवर कोणी छापत नाही. त्यापेक्षा आसामचं एरी बघ, एरंडाच्या पाल्यावरचं. त्याचा कोष एका बाजूने मुळातच उघडा, सूत कातूनच काढावं लागतं, त्यामुळे पतंग गेल्यावर वापरला तरी नुकसान नाही. तरी विकणाऱ्याला विचारून घे, एरी म्हणजे न मारता काढलेलं असं दरवेळी नसतं.

गोधडी:
आणि टसर? ते तर जंगलातलं ना?

सुरवंट:
अळ्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढतात एवढंच. कोष बंद आणि टणक, बहुतेक तेही प्युपा मारूनच.