टर्ब्युलन्समध्ये पोस्टडॉक: मेल कसा लिहावा?

सायली_पी
पुण्यात पीएचडी संपत आलीय. विषय टेलर-कुएट प्रवाह: एकात एक दोन सिलिंडर, आतला फिरतो, मधल्या द्रवात भोवरे उठतात. काम सगळं सिम्युलेशनचं. पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची तात्पुरती नोकरी) मात्र प्रयोग करणाऱ्या ग्रुपमध्येच हवाय. युरोपात बरेच मेल टाकले, कुणाचंच उत्तर नाही. कुठे विचारू, काय लिहू?

गोटिंगेनकर
तुमच्या विषयाला पहिलं नाव नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचं. तिथल्या फिजिक्स ऑफ फ्लुइड्स ग्रुपने टर्ब्युलंट, म्हणजे खळबळत्या, टेलर-कुएट प्रवाहासाठी खास मोठं यंत्र बांधलंय. आमच्या गावात, जर्मनीतल्या गोटिंगेनला, मॅक्स प्लांक संस्थेच्या विंड टनेलमध्ये हवेऐवजी सल्फर हेक्झाफ्लोराइड भरतात, 15 बारपर्यंत दाबाने. वायू मुळातच जड, त्यात दाब. घनता वाढली की कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (चिकटपणा भागिले घनता) उतरते आणि रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे प्रवाह किती खळबळेल त्याचं माप, प्रचंड चढतो.

हे एवढं सांगतोय, कारण मेलमध्ये असंच काहीतरी नेमकं हवं. ‘मला आपल्या संशोधनात रुची आहे’ असे मेल इथे रोज येतात. तुम्ही त्यांचा एकच पेपर घ्या. त्यातला टॉर्कचा (सिलिंडर फिरवायला लागणाऱ्या पिळाचा) ग्राफ समोर ठेवा, तुमचा कोड पोचेल त्या रेनॉल्ड्स नंबरला तोच टॉर्क काढा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. जुळले नाहीत तर फारच छान, बोलायला विषय मिळाला! प्रवाह मोजायचे लेझर लावायला इथे शिकवतात, त्याची धास्ती नको. सीव्हीत ‘प्रयोगाचा अनुभव नाही’ हे सरळ लिहा.

अनघा_बंगलोर
भारतातही बघ गं. बंगलोरला जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेत फ्लुइडचे प्रयोग चालतात. तिथल्याच आयसीटीएस या संस्थेत टर्ब्युलन्सवर उत्तम काम आहे, पण ते थिअरीकडे झुकणारं. आयआयटी मद्रासला गॅस टर्बाइनच्या ज्वलनकक्षातले दाबाचे हेलकावे नॉनलिनिअर डायनॅमिक्सने तपासतात, प्रयोगासकट.

सायली_पी
मद्रासचं डोक्यातच नव्हतं, थँक्यू ताई. आणि ग्रुपकडे पैसेच नसतील तर?

गोटिंगेनकर
मग युरोपियन युनियनची मारी क्युरी फेलोशिप. अर्जाची मुदत साधारण सप्टेंबरात असते, डेडलाइनआधी पीएचडी हातात हवी. अट अशी, की आधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. तुम्हाला ती अडणार नाही. पण प्रपोजल यजमान प्रोफेसरांसोबत बसून लिहावं लागतं, म्हणून बोलणी मे महिन्यातच सुरू करा. जर्मनीत यायचं असेल तर हुम्बोल्ट फेलोशिपही आहे, तिथेही आधी यजमानाची संमती लागते. टॉर्कचे आकडे काढलेत की मसुदा इथे टाका, मी वाचतो.