मदत हवी आहे : पेनड्राइव्हशिवाय, डिस्कच्या पार्टिशनवरूनच (वेगळ्या काढलेल्या भागावरूनच) लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचीय

कोरा_कागद : लॅपटॉप आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क), त्यावर विंडोज ११. यूएसबी पोर्ट इतके ढिले झालेत की पेनड्राइव्ह मध्येच गायब होतो, म्हणून नेहमीचा रस्ता बंद. विंडोज मात्र ठेवायचंच आहे, बाबांचं टॅली त्यावर चालतं.

डिस्क मॅनेजमेंटमधून ८ जीबीचं फॅट३२ पार्टिशन काढलं. मिंटची आयएसओ (सगळं मिंट असलेली एकच फाइल) विंडोजमध्येच माउंट करून आतल्या सगळ्या फायली त्यावर कॉपी केल्या. मग बायोसच्या (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जच्या) 'ॲड बूट ऑप्शन'मध्ये ईएफआय फोल्डरमधली बूटएक्स६४ फाइल दाखवली. ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू झकास आला! पण 'स्टार्ट लिनक्स मिंट' दाबलं की थोडा वेळ लोगो दिसतो आणि मग काळ्या पडद्यावर 'अनएबल टू फाइंड अ मीडियम कंटेनिंग अ लाइव्ह फाइल सिस्टम', म्हणजे मिंटच्या फायली असलेली जागाच सापडत नाही. पुढे ढिम्म. आयएसओचा चेकसम (फाइल धड आहे का ते ताडणारा आकडा) जुळतोय, फायली पुन्हा कॉपी करूनही तेच.

शिवाय सी ड्राइव्हमध्ये शंभरेक जीबी मोकळी असताना विंडोज आता मिंटसाठी जेमतेम ११ जीबी सोडायला तयार आहे. असं का?

टर्मिनल_तात्या : बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) काय आहे ते बघा. 'आरएसटी' किंवा 'रेड' असेल तर चोर सापडला. ग्रब डिस्क वाचतो ती बायोसच्या मदतीने, म्हणून मेनू येतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू झाला की तो डिस्कशी स्वतः बोलतो, आणि त्या मोडमध्ये एनव्हीएमई त्याच्यापासून लपलेली असते. ज्या पार्टिशनवरून तो उठला तेच त्याला दिसत नाही.

कोरा_कागद : 'आरएसटी'च आहे! बदलून एएचसीआय (साधा मोड) करू का लगेच?

टर्मिनल_तात्या : थांबा, लगेच नको. तसंच बदललंत तर विंडोज निळा पडदा दाखवेल. आधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि संरक्षण तात्पुरतं थांबवा. मग विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंग्जच्या खिडकीत सेफ बूटवर टिक करून रीस्टार्ट करा, थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय निवडा. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल आणि योग्य ड्रायव्हर घेईल. टिक काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन कधीकधी चालत नाही, पासवर्ड आठवत असू द्या. आणि बाबांच्या टॅलीचा बॅकअप दुसरीकडे ठेवल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

खिडकीबाहेरचा : ११ जीबीचं कारण म्हणजे न हलणाऱ्या फायली. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करून रीस्टार्ट करा, मग श्रिंक करून (सी ड्राइव्ह आक्रसून) बघा. हायबरनेशन पुढेही बंदच ठेवा. त्यासोबत फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपणं) जातो, नाहीतर विंडोजचं पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचता येतं.

आणखी एक. ग्रबच्या मेनूत मिंटवर असताना 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'टोरॅम' (toram) हा शब्द जोडा (सगळी इंग्रजी छोटी अक्षरं, सलग), मग एफ१०. लाइव्ह मिंट रॅममध्ये चढतं आणि ते पार्टिशन मोकळं होतं. नाहीतर 'पार्टिशन वापरात आहे' म्हणून इन्स्टॉलर कुरकुरतो. 'समथिंग एल्स' निवडून मोकळ्या जागेत ईएक्सटी४ (लिनक्सच्या पद्धतीचं पार्टिशन) बनवा. विंडोजचं ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फायलींचं) तेच वापरा, त्याला फॉरमॅटची टिक चुकूनही लावू नका.

कोरा_कागद : झालं! ८४ जीबी मोकळी झाली, मिंट बसलं, विंडोजही शाबूत. फक्त मिंटवरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे दाखवतं.

टर्मिनल_तात्या : लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडचा 'सेट-लोकल-आरटीसी' पर्याय १ करा. आणि ते ८ जीबीचं पार्टिशन आठवडाभर तरी उडवू नका, पेनड्राइव्ह नसताना दुरुस्तीला तेवढंच हाताशी आहे.