आकाशदेवाला इतकं सोपं करू नका

तुमच्या कथेतल्या काल्पनिक वाळवंटी जमातीचा आकाशदेव आवडला, पण लोक हात जोडतात आणि तो खूश होऊन पाऊस पाडतो, हे काही पटलं नाही. पावसाशी इतका सरळ व्यवहार कोणी करत नाही राजेहो! ज्यांचा जीव पाण्यावर टांगलेला, ते देवाचा अंदाज घेत बसतात.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातली भेंडवळची घटमांडणी बघा. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात १८ धान्यं गोलाकार ठेवून घट मांडतात. मधल्या खड्ड्यात ४ ढेकळं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यांच्यावर पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर पापड, भजी, कुरडई. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणतं ढेकूळ किती भिजलं ते बघून जून कसा, जुलै कसा हे सांगतात. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही, तरी पेरणीआधी भाकीत काय आलं ते मीही विचारतोच.

तुमच्या वाळूत ढेकूळ कुठून येणार म्हणा. मग तारे वापरा. इस्लामपूर्व अरब ताऱ्यांच्या उदयास्तावरून पावसाचा अंदाज बांधत. आपल्याकडे मृगाचं वाहन बेडूक आहे की गाढव ते पंचांगात बघतात, तसंच.

आणि वाळवंटात पाऊस आला की कोरड्या पात्रात अचानक लोंढा येतो, माणसं-जनावरं वाहून जातात. म्हणजे मागितलेलं देऊनही हा देव मारू शकतो. शिवाय पुजाऱ्याचं भाकीत सलग चार वर्षं चुकलं तर जमात त्याचं काय करते? पुढच्या भागात तेवढं येऊ द्या.