मदत हवी आहे: चालू एसजीएक्स एन्क्लेव्हची मेमरी वाढवताना फॉल्टचा पाऊस

नमस्कार मंडळी. पवईत आमची छोटी टीम पेमेंटच्या कीज इंटेल एसजीएक्स एन्क्लेव्हमध्ये (प्रोसेसरने राखलेल्या, ऑपरेटिंग सिस्टिमलाही न वाचता येणाऱ्या मेमरीच्या कप्प्यात) सांभाळणारी सर्व्हिस लिहितेय. सकाळी व्यवहारांचा लोंढा आला की हीप (प्रोग्रॅमची कामाची मेमरी) वाढवावी लागते. सगळी मेमरी आधीच अडवून ठेवायला नको, म्हणून लिनक्स ६.० पासून आलेली, चालू एन्क्लेव्हची मेमरी वाढवायची-कमी करायची डायनॅमिक सोय वापरतोय.

अडचण अशी: एन्क्लेव्हने नव्या पत्त्यावर ईअ‍ॅक्सेप्ट केलं (नवं पेज, म्हणजे मेमरीचा तुकडा, स्वीकारायची सूचना दिली) की ते पेज अजून नसल्याने पेज फॉल्ट होतो, लिनक्स कर्नल ईऑग (पेज जोडायची सूचना) करून ४ केबीचं एकच पेज देतं, मग परत आत. ६४ एमबी वाढवायचे म्हणजे १६,३८४ फॉल्ट, आणि दर वेळी एन्क्लेव्हमधून बाहेर पडून पुन्हा शिरायचं. काढताना मात्र ट्रिमसाठी (पेजेस परत द्यायला) एकाच आयऑक्टलला (कर्नलला केलेल्या कॉलला) अख्खी रेंज देता येते! देतानाच एकेक का, हे फार खटकतं.

कर्नलला पॅच न मारता पेजेस घाऊक मिळवायचा मार्ग कोणी वापरलाय का? की मोकळी झालेली पेजेस ट्रिम न करता आतच राखून ठेवावीत? पण मग ईपीसी (सगळ्या एन्क्लेव्हना मिळून असलेली मर्यादित मेमरी) बाकीच्या एन्क्लेव्हना कमी पडणार आणि केएसजीएक्सडी (ईपीसी मोकळी करणारा कर्नल थ्रेड) पेजेस बाहेर हलवायला लागणार. ते जास्त महागात पडेल अशी धास्ती आहे. प्रॉडक्शनमध्ये हे चालवलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.