अनुभव धागा : ओव्हनसमोरची लुडबुड

पुण्याहून

"लुडबुड करू नकोस, भाजेल." साडेचार वर्षांच्या लेकीला मी हे रोज म्हणायचे. गेल्या उन्हाळ्यात चार रविवारांचा बेकिंगचा क्लास लावला, तेव्हापासून हे वाक्य घरातून जवळजवळ गेलंच. म्हणून हा धागा काढते आहे.

पहिल्या दिवशी बाईंनी आम्हा सहाजणींना एकच कप दिला आणि मैदा मोजायला सांगितला. मग प्रत्येकीचा कप काट्यावर ठेवला. जिनं कप पिठात खुपसून भरला, तिचा मैदा १५० ग्रॅम भरला. जिनं चमच्यानं हलक्या हातानं भरला, तिचा १२०. कप तोच, मैदा तोच. माझा केक एकदा हलका, एकदा दडदडीत का व्हायचा, हे मला त्या टेबलाशी कळलं. घरी जाताना वाटेतच वजनकाटा घेतला.

हा काटा आता लेकीकडे असतो. तिला अंक ओळखता येतात, त्यामुळे मी मैदा घालते आणि ती ओरडते, "एक, दोन, पाच! आई, थांब!" हे खरं काम आहे, खेळातलं नाही, हे तिला पक्कं समजतं. ती जागची हलत नाही.

तुम्ही क्लासात काय शिकलात, मुलांना काय करू दिलंत, काय फसलं, सगळं लिहा. प्रमाणं ग्रॅममध्ये दिलीत तर फार बरं.

साताऱ्याहून

माझं वय ६८. आमच्या वेळी क्लास म्हणजे गल्लीच्या टोकाची बेकरी. मे महिन्यात आई मैदा, पिठीसाखर आणि डालडा मोजून पिशव्यांत भरायची, पत्र्याचे दोन रिकामे डबे घ्यायची आणि आम्ही भावंडं तिच्यामागे निघायचो. बेकरीत नंबर लावायला लागायचा, कारण सगळ्या गावाची बिस्किटं त्याच महिन्यात. आपलं पीठ आपल्यासमोर मळलं जायचं. साच्यातून रेघांच्या लांब पट्ट्या बाहेर पडायच्या, त्यांचे तुकडे पाडून पत्र्यांवर मांडायचं काम आम्हा पोरांचं. तुकड्यांत बोटभर जागा सोडायची, नाहीतर भट्टीत एकमेकांना चिकटतात. हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. एकदा चिकटली, भट्टीवाल्या काकांनी ती जोडबिस्किटं माझ्या हातात ठेवली, आणि मी शिकले.

घरी येताना डबे ऊन असायचे. झाकण लावायचं नाही, अशी आईची ताकीद. ऊन बिस्किटांवर झाकण लावलं की वाफ धरते आणि सकाळी सगळी मऊ पडतात.

मागच्या वर्षी सुनेनं ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, घेतला आणि सहा वर्षांच्या नातवाला घेऊन मी नानखटाई करायला बसले. माझं प्रमाण असं : १०० ग्रॅम साजूक तूप, ८० पिठीसाखर, १२५ मैदा, ४० बेसन, २० रवा, चिमूटभर मीठ, वेलची. तूप थिजलेलं हवं, पातळ नको. ते परातीत तळहातानं फेसायचं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. मिक्सरनं होतं, पण हातानं केलं की पोराला बदल दिसतो. त्याच्या डोळ्यांदेखत पिवळं तूप पांढरं झालं. "आजी, हे लोणी झालं?" मी म्हटलं, हात लावून बघ. मग पंधरा मिनिटं त्यानंच फेसलं. १६० अंशांवर अठरा-वीस मिनिटं भाजायची. बाहेर काढल्यावर मऊ लागतात, म्हणून परत आत ढकलू नका. गार होताना खुसखुशीत होतात.

श्टुटगार्टहून

आजी, "एकदा चिकटली आणि मी शिकले" हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मीही असंच शिकले, फक्त घरापासून फार लांब.

इथे आले त्या पहिल्या वर्षी माझे सगळे केक बिघडले. दोन कारणं होती आणि दोन्ही मला 'फोल्क्सहोखशूले'च्या संध्याकाळच्या वर्गात सापडली. ही इथली प्रौढांसाठीची शाळा. भाषेपासून शिवणकामापर्यंत सगळं शिकवतात, फीही परवडते. पहिलं कारण पीठ. इथे मैद्याच्या पुड्यावर आकडा असतो : ४०५, ५५०, १०५०. १०० ग्रॅम पीठ पूर्ण जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरेल, तो हा आकडा. आकडा जितका मोठा, तितका कोंडा जास्त. मी केकला १०५० वापरत होते. केकला ४०५ हवं. दुसरं कारण ओव्हन. पंखा लावून भाजायचं असेल तर कृतीत लिहिलेल्या तापमानातून साधारण २० अंश कमी करायचे. मी १८० वर पंखा लावत होते, म्हणून वरून काळं, आत कच्चं.

त्याच वर्गात बाईंनी फळ्यावर ३-२-१ लिहिलं. ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम साखर. ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार घराघरांत मुलं याच पिठाची बिस्किटं कापतात. मला एकदम माझ्या आजीची शंकरपाळी आठवली. वाटीभर तूप, वाटीभर साखर, वाटीभर दूध आणि मावेल तेवढा मैदा. प्रमाण वेगळं, पण डोक्यात बसायची रीत तीच. त्या दिवसापर्यंत मी या वर्गात पाहुणी होते. त्यानंतर नव्हते.

आता दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच बिस्किटांचे रविवार येतात. माझ्या तीन वर्षांच्या मुलाला तारे आणि घोडे पाडायचे साचे आवडत नाहीत. त्याला आजीचं कातण हवं असतं, करंजीचं. पोळी लाटून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली की तो कातण फिरवतो, वेडेवाकडे चौकोन पडतात, कडा मात्र नागमोडी. तसेच भाजतो. १८० अंश, पंखा बंद, दहा मिनिटं.

कोल्हापूरहून

मी थोडक्यात लिहिते, पण ज्यांच्या मुलांना अ‍ॅलर्जी आहे त्यांनी जरूर वाचा. माझ्या मुलाला अंडं चालत नाही. दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला एका बेकरीतून बिनअंड्याचा म्हणून केक आणला आणि अर्ध्या तासात त्याच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. दवाखान्यात रात्र काढली. त्यानंतर मी क्लास लावला. तिथेही लक्षात आलं की अंड्याच्या केकचं फेटणं नुसतं पुसून बिनअंड्याच्या मिश्रणात घालत होते. मी बाईंना सांगितलं, आणि माझं स्वतःचं फेटणं आणि भांडं घेऊन जायला लागले.

अंड्याचं काम दही आणि सोडा करतात. आंबट दह्यात खायचा सोडा पडला की वायू सुटतो आणि केक फुगतो. म्हणून मिश्रण झालं की लगेच भाजायला ठेवायचं, ओव्हन आधीच तापलेला हवा. दह्यात सोडा घालायचं काम मुलाचं. अर्धा चमचा सोडा घालतो आणि वाटीवर कान लावतो. खरंच बारीक चुरचुर ऐकू येते. या केकला तो "माझा केक" म्हणतो, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वाढदिवसाला हात मागे बांधून उभं राहिलेलं पोर असं म्हणतं, तेव्हा मला दुसरं काही नको असतं.

नाशिकहून

मी बाबा आहे, पावाचा क्लास केला. ५०० ग्रॅम मैदा, ३०० मिली पाणी, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ९ ग्रॅम मीठ. घरी आधी दोनदा यीस्ट मेलं होतं, कारण मी कढत पाणी घालत होतो. सर म्हणाले, पाण्यात बोट बुडवून सावकाश दहा आकडे म्हणता आले पाहिजेत. तेव्हापासून एकदाही फसलं नाही. पीठ मळून झालं का हे बघायला त्यांनी छोटा गोळा दोन्ही हातांनी ताणून बल्बसमोर धरला. पातळ पडद्यातून उजेड दिसला आणि पडदा फाटला नाही. मुलांना हे फार आवडतं. आधी फाटतं, मग दहा मिनिटं मळायचं, मग फाटत नाही.

थोडं पीठ काचेच्या बरणीत घालून पिठाच्या पातळीवर रबरबँड लावा. आमची धाकटी दर पाच मिनिटांनी बघून येते, "बाबा, रबराच्या वर गेलं!" दुप्पट व्हायला उन्हाळ्यात पाऊण तास पुरतो. इथल्या डिसेंबरात दोन तास लागले, तेव्हा ती बरणीला स्वतःची शाल गुंडाळून बसली होती.

पुण्याहून

सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूरच्या ताई, फेटण्याचं लिहिलंत ते फार महत्त्वाचं. एक माझ्याकडून : मुलं कच्चं मिश्रण बोटानं चाटतात, ते देऊ नका. कच्च्या अंड्याचं सगळ्यांना माहीत असतं, पण मैदाही कच्चाच असतो, त्यातही जंतू असू शकतात. आमच्याकडे चाटायला साखर-दह्याची वेगळी वाटी ठेवते.

साताऱ्याहून

श्टुटगार्टच्या लेकी, तुझं ३-२-१ काल केलं. लोणी घरचंच, ताकावरचं. धुऊन, पाणी पूर्ण निथळून घेतलं. नातवानं पोळी लाटली, कातण त्यानंही सोडलं नाही. ट्रेवर मांडताना मी काही बोलले नाही. त्यानं तुकडा ठेवला, शेजारी आपलं बोट आडवं टेकवलं आणि मग दुसरा तुकडा ठेवला. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? म्हणाला, "तूच तर त्या दिवशी वाचून दाखवलंस."