छोट्या दुकानाच्या वेबसाइटवर आधी काय दिसावं, फोटो की भाव?

लालबागची_सून

आमचं लालबागला मिरची-मसाल्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता नवरा आणि मी बघतो. मिरची, धणे, खडा मसाला विकतो आणि डंक्यावर मसाला कुटून देतो. गेल्या दिवाळीनंतर वेबसाइट करून घेतली. काळ्यावर सोनेरी अक्षरं, सगळं इंग्रजीत, वर आपोआप सरकणारे पाच फोटो. घरात सगळ्यांना आवडली, मलाही.

मार्चमध्ये हंगाम लागला. डोंबिवलीहून एक बाई आल्या होत्या, बाकड्यावर बसून मिरची भाजून व्हायची वाट बघत होत्या. म्हटलं, आमची वेबसाइट बघा ना, पुढच्या वेळी घरबसल्या मागवता येईल. त्यांनी फोन काढला. बराच वेळ ते गोल नुसतं फिरत राहिलं. पान उघडल्यावर त्या 'बेडगी' शोधत अंगठ्याने वर सरकवू लागल्या, तेवढ्यात वरचा फोटो बदलला, खालचं सगळं हललं आणि अंगठा भलतीकडेच पडून 'अवर स्टोरी' उघडलं. मागे आल्या, पुन्हा तेच. शेवटी फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तूच सांग गं, बेडगी काय भावाने दिलीस?" मी समोर होते म्हणून सांगितलं. घरी बसून बघणारीला कोण सांगणार?

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. छोट्या दुकानाच्या वेबसाइटने गल्ल्यावर बसलेल्या माणसाचं काम करावं. आजचा भाव, दुकान उघडं आहे का, कुठल्या स्टेशनला उतरायचं, फोन नंबर, हे सगळं मोबाइलच्या पहिल्या स्क्रीनवर आणि मराठीत हवं. फोटो आणि आमची गोष्ट त्याच्या खाली. दुकानवाल्यांनी आणि वेबसाइट बनवणाऱ्यांनी, दोघांनीही मोकळेपणाने लिहा.

वेबवाला_ठाणे

ताई, नऊ वर्षं हेच काम करतोय, म्हणून स्पष्ट लिहितो. मला तुमचं पटत नाही.

त्या बाई तुमच्या बाकड्यावर बसल्या होत्या, म्हणजे दुकानापर्यंत आल्याच होत्या. वेबसाइट लागते ती ज्याने लालबाग पाहिलेलंच नाही त्याला. बंगळुरूतल्या किंवा दुबईतल्या माणसाने अनोळखी दुकानाला आगाऊ पैसे का पाठवावेत? भावाची यादी बघून कोणी पाठवत नाही. दुकान खरं आहे, माल चांगला आहे, पॅकिंग नीट आहे, हे त्याला दिसावं लागतं. ते फोटोतूनच दिसतं आणि इंग्रजीतच पोचतं.

दुसरं, भाव पहिल्या स्क्रीनवर टाकलात की शेजारचा दोन रुपये कमी करून आपल्या साइटवर टाकतो. मिरचीचा भाव तर हंगामात सारखा हलतो. रोज बदलणार कोण? मी अशा साइट करून दिल्यात, त्यावर दीड वर्षांपूर्वीचे भाव अजून तसेच आहेत. जुना भाव दिसला की गिऱ्हाईक भांडायला येतं.

आणि डिझायनरची बाजूही ऐका. मजकूर मागितला की मालक व्हिजिटिंग कार्ड पुढे करतात. दुकानाविषयी चार ओळी द्या म्हटलं तर 'तुम्हीच लिहा काहीतरी'. मग आम्ही फोटो मोठे करतो, कारण हातात तेवढंच असतं.

गिरगावकर_८४

मुळात वेबसाइट हवीच कशाला? माझं साड्यांचं दुकान आहे, एक पैसा वेबसाइटवर घातला नाही. २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आलं तेव्हापासून तेच वापरतो. कॅटलॉगमध्ये साडी टाकली, गिऱ्हाइकाने विचारलं, पदर उलगडून व्हिडिओ कॉलवर दाखवला, यूपीआयने पैसे आले, विषय संपला. पत्ता आणि वेळ गूगल मॅपवर असतेच. काळी-सोनेरी का पांढरी-निळी, हा प्रश्नच येत नाही.

कोड_परळ

गिरगावकर दादा, तुमचं चाललंय हे चांगलंच आहे, पण सगळं दुसऱ्याच्या जागेत आहे. गूगलने दुकानदारांना प्रोफाइलसोबत फुकट छोटी वेबसाइट दिली होती, आठवते? मार्च २०२४ मध्ये ती बंद केली. ज्यांनी तोच पत्ता बिलावर आणि पिशवीवर छापला होता त्यांचं काय झालं असेल? व्हॉट्सॲपचा नंबर काही कारणाने बंद झाला तर तुमची इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं कुठे शोधणार? एक साधं पान स्वतःच्या नावावर असावं, बाकी सगळं त्याला जोडावं.

आता ताईंचा मुद्दा. त्या बाईंच्या अंगठ्याखालून पान सरकलं, त्याला मोजमाप आहे. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसला पाहिजे आणि पान आपोआप किती हलतं याचा आकडा ०.१ च्या आत हवा, असं गूगल चांगल्या पानासाठी धरतं. वेगवेगळ्या उंचीचे सरकते फोटो ठेवले आणि त्यांना जागा आधी राखून ठेवली नाही की हे बिघडणारच. शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की सर्चसाठी साइटची मोबाइलवरची आवृत्ती आधी धरायची हा बदल पूर्ण झालाय. डिझायनर लॅपटॉपच्या रुंद पडद्यावर जे दाखवून मंजूर करून घेतो ते बाजूलाच राहतं. कॅमेऱ्यातून आलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला मी कितीदा पाहिलाय. तोच वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये, फोनला लागेल एवढा करून टाकला तर शंभर-दीडशे केबीत बसतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही.

वेबवाला_ठाणे

फोटो हलके करण्याला माझा विरोध नाही, ते केलंच पाहिजे. फोटो खाली ढकलण्याला विरोध आहे. बेडगीचा रंग दाखवल्याशिवाय भाव लिहिला तर तो महागच वाटतो.

निवृत्त_पार्लेकर

माझं वय ७१. तुम्ही ज्या साइट बनवता त्या मी वापरतो, निदान प्रयत्न करतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तरी पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं मला दिसत नाहीत. मुलीने सांगितलं की याचाही नियम आहे: साध्या आकाराचा मजकूर आणि मागचा रंग यांत किमान ४.५ ला १ इतका फरक हवा. तो पाळणाऱ्या फार थोड्या साइट मला भेटल्या. उलट काळ्यावर ठळक सोनेरी मला वाचता येतं, त्यामुळे लालबागच्या सूनबाई, रंगावर फार राग काढू नका. अक्षर बारीक होतं का, ते बघा.

मराठीविषयी मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. दुकानाची पाटी मराठीत हवी, हा नियम २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली, मग मुंबईभर पाट्या बदलल्या. तो कायदा पाटीचा आहे, वेबसाइटचा नाही, हे मला कळतं. पण पाटी वाचून जो माणूस आत येतो तोच फोनवर तुम्हाला शोधतो ना? दारात मराठी आणि फोनवर एक अक्षर नाही, हे मला खरोखर दुखतं.

गिरगावकर_८४

काका, माझ्याकडे निम्मी गिऱ्हाइकं गुजराती आणि मारवाडी आहेत. त्यांना मराठी समजतं, पण वाचायचा त्यांना कंटाळा. धंद्यात गिऱ्हाइकाची भाषा चालते, आपली नाही.

लालबागची_सून

गिरगावकर दादा, बरोबर, गिऱ्हाइकाचीच भाषा. आमच्याकडे मसाला करायला येणाऱ्या बायका फोनवर काय बोलतात ते मी दिवसभर ऐकते. 'स्टोन फ्लॉवर आहे का' असं एकीनेही विचारलेलं नाही, दगडफूलच विचारतात. आमच्या साइटवर मात्र दगडफूल हा शब्दच नव्हता. तो शोधणाऱ्याला आम्ही सापडणार कसे? इंग्रजी काढून टाका असं मी म्हणत नाही. एका बटणावर इंग्रजी असू दे, पण उघडताना मराठी.

ठाण्याच्या दादांना भावाविषयी: आम्ही दुकानात फळ्यावर खडूने भाव लिहितो, वर तारीख घालतो. शेजारच्याला तो फळा रोज दिसतोच, त्याला वेबसाइट लागत नाही. साइटवरही तसाच तारखेचा भाव हवा. रोज बदलायला पाच मिनिटं लागतात, मी बदलेन. पण तुम्ही लोक पान असं करून देता की एक आकडा बदलायचा तर तुम्हालाच फोन करावा लागतो आणि चार दिवस थांबावं लागतं. दीड वर्षं जुने भाव राहतात ते त्यामुळे.

वेबवाला_ठाणे

हा मुद्दा मान्य. मालकाला स्वतःच्या फोनवरून भाव बदलता आला पाहिजे, आणि ते हातात देतानाच शिकवलं पाहिजे. हे आमच्याकडून होत नाही. दुरुस्तीचे पैसे सुटतात, हेही एक कारण आहे.

पण मराठीत साइट केली की वेगळीच अडचण येते. मजकूर डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये येतो, पेस्ट केला की नुसती चिन्हं दिसतात. मग वेळ नसतो म्हणून त्याचा फोटो लावतो.

कोड_परळ

फोटोतलं मराठी धड सर्चमध्ये सापडत नाही, मोठं करून नीट वाचता येत नाही, आणि डोळ्यांनी अधू माणसाच्या फोनला वाचून दाखवता येत नाही. जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यायला थोडाच वेळ लागतो, त्यानंतर एकदा जोडाक्षरं तपासायची. फाँटचीही कमतरता नाही. मुंबईच्याच 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्यांचा 'मुक्ता' फुकट मिळतो, गूगलचा 'नोटो' आहे.

अडतं ते पुढे. इंग्रजीसाठी ठरवलेली मापं तशीच मराठीला लावतात. इंग्रजी मथळ्यात अक्षरांमध्ये अंतर सोडलं की ऐटदार दिसतं, मराठीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीचंच ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतो. 'कुटून' आणि 'खिचडी' वरखाली लिहून बघा. पान मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलं तर काही फाँटमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. एका ओळीचं काम आहे, पण मी पाहिलेल्या बहुतेक मराठी साइटवर तिथे इंग्रजीच लिहिलेलं असतं.

कापडवाला_दादर

मला एकच विचारायचंय. माझ्या साइटवर डिझायनरने उलटं घड्याळ लावलंय, 'ऑफर संपायला १० मिनिटं', आणि प्रत्येक कुर्त्याखाली 'फक्त २ शिल्लक'. पान पुन्हा उघडलं की घड्याळ पुन्हा दहावर. विक्री वाढली, हे मी नाकारणार नाही. याला तुमचा काय आक्षेप?

कोड_परळ

दुकानात माल पडलेला असताना दोनच शिल्लक म्हणणं खोटं आहे, हा पहिला आक्षेप. दुसरा कायद्याचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे साइटवर गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत आणि खोटी घाई लावणं हा त्यातला एक. गिऱ्हाइकाला न विचारता टोपलीत वस्तू घालणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं, हेही त्यात आहे. घड्याळ आजच काढा.

वेबवाला_ठाणे

इथे माझंही तेच मत. मी एका कामात असं घड्याळ लावायला नकार दिला होता, काम गेलं.

ताई, मूळ विषयावर परत येतो. भाव, वेळ, नंबर वर घ्यायला मी तयार आहे, पण दुकानाचा एक चांगला, न सरकणारा फोटो त्यांच्या शेजारी राहणारच, यावर मी ठाम आहे. आता मजकूर द्या. आठवडाभर दुकानाच्या फोनवर लोक काय विचारतात ते जसंच्या तसं लिहून पाठवा, सुधारू नका.

लालबागची_सून

फोटोवरून आपण पुन्हा भांडू. आठवडा कशाला, आज सकाळपासूनचेच देते. मिरची आमची आणली तर कुटून द्याल का? देठं काढून आणायची का? भाजणं तुमच्याकडे होतं की घरून भाजून आणू? दोन किलोला किती मिरची, किती धणे? कुटायचे किलोला किती? सकाळी दिलं तर संध्याकाळपर्यंत मिळेल का? चिंचपोकळीला उतरू की करी रोडला? सोमवारी चालू असता का? आणि वसईच्या एका बाईंनी तीनदा विचारलं: आमचाच मसाला आम्हाला मिळेल ना, दुसऱ्याच्यात मिसळणार नाही ना?